चाळीस फूट गेले कुठं?

‘काका, नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो आणि नऊ वर्षं फुलेवाडीत भाड्यानं राहतो. मंगळवार पेठेत एक जुनं कौलारू घर बघितलंय. पुढं सोपा, मधे खोल्या, मागं परडं. प्रॉपर्टी कार्डावर ७८ चौरस मीटर लिहिलंय, मालक “साडेआठशे फूट” म्हणतात. आम्ही टेप लावला. घर २६ फूट खोल आणि २० फूट रुंद, परडं १३ फूट खोल आणि साडेएकवीस फूट रुंद. कसंबसं आठशे भरलं. उजवीकडं बोळ आहे, तिथं भिंतीच्या बाहेरून मापलं. डावीकडं मात्र शेजारच्या घराची आणि याची भिंत एकच आहे, दीड फूट जाड, म्हणून आतल्या अंगापर्यंतच टेप गेला. परड्यात त्या शेजाऱ्यांनी ब्लॉकची भिंत घातलीय. शेजारी सत्तरीच्या पुढचे, गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात. ते म्हणाले, “मधली भिंत आमची हाय, वडलांनी बांधल्याली.” मालकांना सरकारी मोजणीचं विचारलं तर म्हणाले, “कशाला उगं वाकड्यात शिरताय? एवढी वर्षं काय झालं न्हाई. आनी दुसरं गिऱ्हाईक पन हाय.” संचकाराला, म्हणजे विसाराला, त्यांना दहा लाख हवेत. सासरे म्हणतात, राहायला जायच्या आधीच शेजाऱ्याशी वैर नको. दोन वर्षांत घर पाडून नवीन बांधायचा आमचा विचार आहे. मोजणी मागावी की नको? आणि मागायची तर आबांना कसं सांगायचं? — एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर.’

ताई, मोजणी मागा. संचकार करायच्या आधी मागा. आणि मोजणीची नोटीस आबांच्या हातात पडण्याआधी तुम्ही दोघं त्यांच्या सोप्यात जाऊन बसा. सासऱ्यांची काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय मोजणी टाळणं हा नाही.

आधी तुमचे चाळीस फूट, म्हणजे चौरस फूट, बघू, कारण सगळी कुजबुज त्यांच्यावरून चाललीय.

एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. कार्डावरचे ७८ मीटर म्हणजे सुमारे ८४० फूट झाले. साडेआठशे हा मालकांनी तोंडानं केलेला राउंड आकडा आहे, तो सोडून द्या. तुमच्या मापानं घर ५२० आणि परडं २७९.५, म्हणजे ७९९.५ फूट. फरक चाळिसाचा.

आता ती मधली भिंत मोजा. लांबी २६ फूट, जाडी दीड फूट. गुणाकार ३९.

म्हणजे तुमचे चाळीस फूट कुणी चोरलेले नसून ते त्या भिंतीच्या पोटात असू शकतात. पेठांतली जुनी घरं मोजताना ही चूक मी कितीतरी वेळा बघितली आहे. नव्या फ्लॅटची भिंत सहा इंची, फार तर नऊ इंची असते. त्या सवयीनं माणूस आतून टेप लावतो आणि जुन्या दगडमातीच्या भिंतीनं किती जागा खाल्ली ते विसरतो.

पण हे ‘असू शकतात’ एवढंच आहे. ती भिंत पूर्ण या घराची असेल तर सगळा हिशेब जुळला, काही कमी नाही. ती सामाईक असेल तर हद्द बहुधा भिंतीच्या मधून जाते. मग निम्मी जाडी, म्हणजे साडेएकोणीस फूट तुमचे, आणि उरलेले वीस फूट दुसरीकडं शोधावे लागतील. परडं १३ फूट खोल आहे. वीसला तेरानं भागा, दीड फूट येतं. ब्लॉकची नवी भिंत दीड फूट आत सरकून बांधली गेली असेल तर नेमके हे वीस चौरस फूट जातात. आणि आबा म्हणतात तशी भिंत पूर्ण त्यांची असेल, तर चाळीसच्या चाळीस फुटांचा शोध परड्यात, बोळाच्या बाजूला किंवा पुढं रस्त्याच्या अंगाला घ्यावा लागेल.

बघा, टेप एकच, आकडा एकच, आणि उत्तरं तीन. आबा खोटं बोलतात असं यातून निघत नाही आणि मालक फसवतात असंही निघत नाही. टेपनं एवढंच सांगितलं की भिंत कुणाची हा खरा प्रश्न आहे. पेठेतल्या जागा काटकोनातही नसतात, त्यामुळं तुमच्या मापावर कुणाशी वाद घालू नका. ते माप स्वतःच्या समजुतीसाठी ठेवा.

भिंत कुणाची हे कागद सांगतील. प्रॉपर्टी कार्ड तुम्ही बघितलंय, पण कार्डावर फक्त सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारकाची नावं आणि फेरफाराच्या नोंदी असतात. बाजूंची मापं आणि भिंतीची गोष्ट त्याच्या मागच्या कागदांत असते. शहरात सिटी सर्व्हे लागू झाला तेव्हा प्रत्येक मिळकतीची चौकशी होऊन तिची नोंद चौकशी नोंदवहीत झाली आणि नकाशा तयार झाला. नगर भूमापन कार्यालयातून त्या नोंदवहीचा उतारा आणि या सिटी सर्व्हे नंबरच्या नकाशाची नक्कल मालकांना काढायला सांगा. जुनी सनद, म्हणजे त्या चौकशीनंतर धारकाला मिळालेला सरकारी दाखला, घरात कुठं ट्रंकेत असेल तर तीही मागा. सोबत या घराची आधीची खरेदीपत्रं किंवा वाटणीपत्रं घ्या आणि त्यांतल्या चतुःसीमा नीट वाचा. आबांची बाजू पश्चिमेला धरली, तर ‘पश्चिमेस अमुक यांचे घर’ लिहिलंय, की ‘पश्चिमेस सामाईक भिंत व त्यापुढे अमुक यांचे घर’ लिहिलंय? या चार शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. जमलं तर आबांच्या घराचं जुनं खरेदीपत्रही नोंदणी कार्यालयातून नक्कल काढून वाचा, कारण तुमची पश्चिम ही त्यांची पूर्व असते आणि दोन्ही दस्त एकच भाषा बोलतात का ते तिथं कळतं. चतुःसीमा आणि क्षेत्राचा आकडा यांत फरक पडला तर न्यायालयं साधारणपणे स्पष्ट चतुःसीमेला जास्त वजन देतात. म्हणून ‘कार्डावर ७८ आहे ना, मग झालं’ हे पुरेसं नाही.

एखादा जुना, पेठेत काम केलेला गवंडी घेऊन भिंतही बघून या. तुळया कुणाच्या बाजूनं भिंतीत शिरल्या आहेत, दोन्हीकडून शिरल्यात का, कोनाडे कुणाच्या अंगाला आहेत, छपराचं पाखं कुणीकडं उतरतं, हे तो पाच मिनिटांत सांगेल. दोन्ही घरांच्या तुळया त्या भिंतीवर टेकल्या असतील तर ती सामाईक असण्याचा संभव मोठा. हा कायद्याचा पुरावा म्हणून एकटा उभा राहत नाही, पण कागद आणि भिंत एकच सांगत असतील तर तुमच्या मनाला बळ येतं.

आता मोजणी. पुष्कळ लोकांचा गैरसमज असा की खरेदी करणारा जाऊन मोजणीचा अर्ज देऊ शकतो. तसं नाही. अर्ज धारकानं द्यायचा असतो, म्हणजे ज्याचं नाव कार्डावर आहे त्यानं. म्हणून आज ही मोजणी तुमच्या मालकांनाच मागावी लागेल. इथं एक छोटी गोष्ट तपासा. तुमच्या पत्रात मालक एकच दिसतात, पण कार्डावर अजून त्यांच्या वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद व्हायला हवी. बहिणी असतील तर त्यांची नावं आणि त्यांच्या सह्याही हव्यात, मग त्या इचलकरंजीला दिल्या असोत की बेळगावला.

अर्जासोबत ताजं प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी फी लागते. नियमित आणि द्रुतगती असे मोजणीचे दोन प्रकार आहेत. फी त्याप्रमाणं कमीजास्त होते, आणि घाई असेल तर द्रुतगतीचे जादा पैसे तुम्ही द्यायची तयारी दाखवा. मालकांचा निम्मा विरोध तिथं मावळेल. अर्ज घेतल्यावर तारीख पडते आणि लगतच्या धारकांना नोटिसा जातात. ठरल्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन येतो, अभिलेखातल्या नकाशाशी जागा ताडून बघतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि हजर असलेल्यांचे जबाब व सह्या घेतो. पुढं जो नकाशा मिळतो त्याला ‘क’ प्रत म्हणतात. तिच्यावर अभिलेखाप्रमाणं हद्द आणि प्रत्यक्षातली वहिवाट यांत फरक असेल तर दोन वेगळ्या रेषा दिसतात. तुम्हाला हवाय तो कागद हाच.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, तिच्यात वरिष्ठ अधिकारी पुन्हा मोजतात. हे आबांनाही सांगायचं आहे, पुढं येतो. आणि एक नीट समजून घ्या, ‘क’ प्रत हद्द दाखवते, मालकी ठरवत नाही. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो. महापालिकेत तक्रार करून दोन शेजाऱ्यांमधली हद्द ठरत नसते, लोक तिथं उगाच चपला झिजवतात.

मालकांना पटवायला तुमच्याकडं एक साधा मुद्दा आहे. तुम्ही घर पाडून बांधणार आहात. बांधकाम परवान्याला महापालिकेत मोजणी नकाशा लागतो. म्हणजे ही मोजणी होणारच आहे. प्रश्न एवढाच की ती आज होते, जेव्हा मालक जागेवर आहेत, त्यांना आबांच्या वडिलांच्या काळच्या गोष्टी माहीत आहेत आणि पैसे अजून तुमच्या खात्यात आहेत, की दोन वर्षांनी होते, जेव्हा मालक विकून मोकळे झालेले असतील आणि तुम्ही एकट्या आबांच्या समोर उभ्या असाल. सासऱ्यांनाही हेच सांगा. ते शांत माणूस दिसतात, ऐकतील.

मी हे इतक्या कळकळीनं का लिहितोय ते सांगतो. माझ्या वडिलांनी पेठेत घर घेतलं तेव्हा शेजारी त्यांचे तालमीतले जोडीदार होते. मोजणी काढायची म्हणजे दोस्ताचा अपमान, असं वडिलांना वाटलं. दोघांनी परड्यात एक दगड रोवला आणि हात मिळवले. दोघं होते तोवर तो दगड पुरला. ते गेल्यावर पुढच्या पिढीला त्या दगडाची गोष्ट वेगवेगळी आठवत होती, आणि मधे नऊ इंचांचा फरक पडत होता. त्या नऊ इंचांसाठी तारखा सुरू झाल्या. पैशाचं दुःख मला फारसं वाटलं नाही. माझी आई दर होळीला शेजारी पोळ्या द्यायची, ते ताट त्या वर्षी ओट्यावरच झाकून राहिलं, आणि पुढं कधी गेलं नाही. आई शेवटपर्यंत त्या ताटाबद्दल बोलायची. दगड रोवणाऱ्या दोघांचं प्रेम खरं होतं. त्यांनी फक्त ते कागदावर उतरवलं नाही.

म्हणून आबांकडं जा. वकील घेऊन नको, एजंट घेऊन तर अजिबात नको. तुम्ही, तुमचे यजमान आणि जमलं तर सासरे. म्हाताऱ्या माणसाला म्हातारा माणूस बरा वाटतो. मालकांना बरोबर घ्यायचं की नाही ते त्यांचं आबांशी कसं आहे यावर ठरवा. बसा, चहा घ्या, आणि सरळ सांगा: ‘आबा, आम्ही तुमच्या शेजारी राहायला यायचं बघतोय. कर्ज काढून घेतोय, म्हणून कागद चोख पाहिजेत. मालक मोजणी मागणार आहेत, तुम्हाला नोटीस येईल. ती तुमच्यावर तक्रार नाही, लगतच्या सगळ्यांना पाठवावी लागते. तुम्ही त्या दिवशी हजर राहा, तुमच्याकडं जे कागद असतील ते दाखवा, आणि मोजणी पटली नाही तर पुन्हा मागायचा हक्क तुम्हालाही आहे.’

मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. भिंत वडिलांनी बांधली म्हणतात, तर कधी बांधली, तेव्हा या घरात कोण राहत होतं, खर्च कुणी केला, हे विचारा. भिंतीवर पैसे कुणी घातले आणि भिंत कुणाच्या जागेवर उभी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आबांच्या मनात त्या एक झाल्या असतील. पण हे त्यांना समजावून सांगायला जाऊ नका. त्यांची गोष्ट नीट ऐकून घ्या आणि घरी आल्यावर तारीख घालून वहीत लिहून ठेवा. आबा त्या गल्लीतले बहुधा शेवटचे माणूस असतील ज्यांना हे सगळं आठवतंय. उद्या त्यांच्या मुलांना विचारलं तर ‘आबा म्हणायचे’ एवढंच हाती लागेल.

परड्यातल्या ब्लॉकच्या भिंतीकडं जास्त लक्ष द्या. मधली भिंत जुनी आहे आणि तिची गोष्ट दोन्ही घरांना माहीत आहे. ब्लॉकची भिंत मात्र अलीकडची. ती कधी घातली हे आजूबाजूला विचारा. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकाच्या हक्काला न जुमानता सलग १२ वर्षं ताबा ठेवला तर तो माणूस प्रतिकूल ताब्याचा हक्क सांगू शकतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही ठरवलं की अशा हक्कावर तो स्वतः दावाही लावू शकतो. ती भिंत आठ वर्षांपूर्वीची असेल तर आज बोलायला वेळ आहे. पंधरा वर्षांपूर्वीची असेल तर खरेदीआधीच वकिलाचं मत लेखी घ्या.

समजा ‘क’ प्रतीत निघालं की ती भिंत खरंच दीड फूट आत आहे. तर घर सोडायचं का? माझ्या मते नाही, घर आवडलंय तर नाही. तीन वाटा आहेत. आबा भिंत मागं घेतात, हे क्वचित होतं, पण म्हातारी माणसं कधीकधी आपणहून करतात, कारण मरताना मागं भांडण ठेवायचं नसतं. दुसरी वाट, आबा लिहून देतात की ही भिंत मालकांच्या हद्दीत, मालकांच्याच परवानगीनं उभी आहे. परवानगीनं वापरलेल्या जागेवर प्रतिकूल ताबा बसत नाही, त्यामुळं एवढ्या एका कागदानं तुमचे वीस फूट कागदोपत्री जिवंत राहतात. तिसरी, तुम्ही ते वीस फूट सोडून देता, मालक तेवढे पैसे कमी करतात आणि आबांच्या नावे त्या पट्टीचा रीतसर दस्त होतो.

यांत जागा एकाकडून दुसऱ्याकडं जाणार असेल तर दस्त नोंदणीकृतच हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून घेतली की झालं, असं आपल्याकडं फार चालतं. नोटरीनं सही ओळखली जाते, जमीन सरकत नाही. असल्या कागदावर कार्डाला नोंदही होणार नाही.

आता जे मोजणीत दिसत नाही ते. आबांच्या छपराची वळचण कुणीकडं आहे? पावसाळ्यात पागोळ्या तुमच्या परड्यात गळत असतील, त्यांची खिडकी तुमच्या बाजूला उघडत असेल, त्यांच्या मोरीचं पाणी तुमच्या फरशीखालून जात असेल, तर हद्द अगदी रेषेवर असूनही तुमच्या जागेवर त्यांचा हक्क तयार झालेला असू शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणं उजेड, हवा, वाट किंवा पाणी सोडण्याचा असा वापर उघड, शांतपणे आणि खंड न पडता २० वर्षं चालला की तो हक्क होतो, आणि घर विकलं तरी जात नाही. तुम्ही नवीन बांधताना ती खिडकी बुजवली किंवा ते गटर तोडलं, तर पहिली नोटीस याच्यावरून येईल. म्हणून एकदा मोठ्या पावसात ते घर बघायला जा. कोल्हापूरचा जुलैचा पाऊस ज्या गोष्टी दाखवतो त्या वकिलाच्या कुठल्याही सर्च रिपोर्टात, म्हणजे जुन्या नोंदींच्या तपासणीत, नसतात. परड्यातलं पाणी कुणाकडून येतं आणि कुणाकडं जातं, हे फोटोसकट टिपून ठेवा आणि त्याचा उल्लेख खरेदीपत्रात करून घ्या.

आणि मधली भिंत सामाईक निघाली तर नवीन बांधताना ती पाडायची नाही, हे आत्ताच मनात ठरवा. तिच्यावर आबांच्याही तुळया असणार. तुमचे कॉलम तुमच्या बाजूला आत घ्यावे लागतील, म्हणजे खोलीची रुंदी आणखी कमी होईल, आणि जुन्या मातीच्या भिंतीलगत पाया खोदताना पावसाळा टाळावा लागेल, आधार द्यावा लागेल. घर घेण्याआधीच एखाद्या इंजिनिअरला ही जागा दाखवून तुमच्या मनातला प्लॅन तिथं बसतो का ते विचारा. कदाचित चाळीस फुटांपेक्षा हे उत्तर तुमच्यासाठी जास्त मोलाचं ठरेल.

संचकाराचं बोलू. मोजणी व्हायच्या आधी दहा लाख देऊ नका. मालकांना खात्री हवीच असेल तर रक्कम लहान ठेवा आणि संचकारपत्र नोंदणीकृत करा. त्यात स्पष्ट लिहून घ्या की ठरलेल्या मुदतीत मालक स्वतः मोजणी करून ‘क’ प्रत देतील, किंमत मोजणीत निघालेल्या क्षेत्रावर ठरेल, परड्यात अतिक्रमण निघालं तर ते काढून द्यायची किंवा तेवढी किंमत वजा करायची जबाबदारी मालकांची राहील, आणि मोजणी झालीच नाही तर संचकार पूर्ण परत मिळेल. मिळकतीतला माहीत असलेला दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे, असं कायदाही म्हणतो. पण तोंडी ‘सांगितलं होतं’ आणि ‘सांगितलं नव्हतं’ यातून काही सिद्ध होत नाही. लेखी घ्या. दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढा, आणि या मिळकतीवर कोर्टात दावा चालू नाही ना, हे त्यांना मुद्दाम बघायला सांगा, कारण चालू दाव्यातली मिळकत घेतली तर निकाल तुमच्यावरही बंधनकारक होऊ शकतो. बँक कर्ज देतेय म्हणजे हद्दीचं बघितलं गेलं, असं समजू नका. बँकेचा माणूस किंमत काढायला येतो, हद्द मोजायला येत नाही. घरफाळ्याची पावती मालकांच्या नावावर आहे हाही हद्दीचा पुरावा नव्हे.

पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला प्लॉट घेणाऱ्यांचीही पत्रं माझ्याकडं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथली अडचण वेगळी आहे. सातबाऱ्यावर दहा जणांची नावं आणि प्रत्येकाचे काही आर, पण कुणाचा तुकडा कुठं ते नकाशात नाही. पोटहिस्सा झालेला नसेल तर तुमचा प्लॉट मोजणीत वेगळा दाखवताच येत नाही. गुंठेवारीचं प्रमाणपत्र किंवा मंजूर लेआउट आहे का ते आधी बघा. आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ फूट, तर एक गुंठा म्हणजे १०८९ फूट. दस्तात एक आणि बोलण्यात दुसरं असेल तर तिथंही दर गुंठ्याला तेरा फूट गळतात.

ताई, मालकांचं ‘दुसरं गिऱ्हाईक’ खरं असेलही. त्याला मोजणीशिवाय घ्यायचं असेल तर घेऊ दे. नऊ वर्षं भाड्यानं राहून साठवलेला पैसा हा धाकात येऊन द्यायचा पैसा नाही. कोर्टाची वाट सोपी वाटून कुणी ‘बघू पुढं, लावू दावा’ म्हणालं तर तेही ऐकू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, कितीतरी वर्षं सहा जिल्ह्यांतल्या माणसांनी त्यासाठी आंदोलनं केली, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या दाव्याला अपिलापर्यंत जावं लागतं त्यात शेजार आधीच संपलेला असतो.

येत्या रविवारी आबांकडं जाऊन या. नंतर मालकांशी बोला. ‘क’ प्रत आणि चौकशी नोंदवहीचा उतारा हातात आला की दोन्हींच्या झेरॉक्स मला पाठवा. मधल्या भिंतीची नोंद काय निघते ते बघून खरेदीपत्रात पश्चिमेची सीमा नेमकी कोणत्या शब्दांत लिहायची, ते मी लिहून पाठवतो.